नार्कोलेप्सी जीव घेत नाही म्हणतात. मग विहीर, मोटारसायकल आणि रात्रीचे पाणी यांचे काय करावे?

केळीबाग_यावल

मंडळी, नमस्कार. माझा धाकटा भाऊ 23 वर्षांचा आहे. सहा वर्षांच्या फिरस्तीनंतर गेल्या महिन्यात त्याला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अचानक अनावर झोप येण्याचा आजार, असल्याचे निदान झाले. या सहा वर्षांत रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, थायरॉइड तपासून झाले, फिट येते असे समजून वर्षभर फिटच्या गोळ्याही चालल्या. वर्गात त्याला सगळे 'कुंभकर्ण' म्हणत आणि खरे सांगायचे तर घरात आम्हीही तेच म्हणत होतो.

डॉक्टरांनी सांगितले की हा आजार जीव घेत नाही, मात्र तो आयुष्यभर सोबत राहतो. आईने या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकून देवापुढे साखर ठेवली. माझ्या डोक्यात दुसरा अर्धा भाग घोळत राहिला आहे, कारण आमचे घर शेतावर चालते. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा वीज असते आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला बागेत तोच जातो, येण्याजाण्याला मोटारसायकल वापरतो, आणि आमच्या जुन्या विहिरीला कठडा नाही. मागच्या उन्हाळ्यात तो स्टार्टरच्या पेटीला टेकून उभ्या उभ्या झोपलेला मला दिसला होता. तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या होत्या.

आजार स्वतः जीव घेत नसेल, तर त्याच्यामुळे नेमके कोणते धोके उद्भवतात आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे ते काय काळजी घेतात? त्याला सगळ्याच कामांतून काढून घ्यावे का? तो म्हणतो की कोंडूनच ठेवायचे असेल, तर निदान झाले नसते तेच बरे होते.

भुसावळ_जंक्शन

रात्रीच्या विजेने निम्म्या खानदेशाला आधीच नार्कोलेप्सी केलेली आहे, तुमच्या भावाला फक्त त्याचे कागद मिळाले! विनोद बाजूला ठेवतो. उत्तरे मलाही वाचायची आहेत, कारण माझ्या साडूच्या मुलाची लक्षणे अगदी अशीच आहेत.

आप्पा_पारोळा

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. दुपारी वरण-बट्टी चापून खायची, वर तुपाची धार, आणि रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल पाहायचा. मग दिवसा झोप येणार नाही तर काय होणार? आमच्या काळीही मुले झोपाळू होती, परंतु त्यांना इंग्रजी नावे मिळत नव्हती. पहाटे पाचला उठवून नांगराला जुंपावे, महिनाभरात फरक दिसेल.

मेंदूविकार_धुळे

आप्पा, आपला आदर राखून असहमती नोंदवतो. मी मेंदूविकार विभागात शिकणारा डॉक्टर आहे. माझे लिहिणे सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे, तो कोणाच्या औषधोपचाराचा सल्ला नव्हे.

जड जेवणानंतरची पेंग आणि नार्कोलेप्सी यांत मुळातच फरक आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात फार थोड्या पेशी हायपोक्रेटिन नावाचे रसायन तयार करतात. ऑरेक्सिन हे त्याचेच दुसरे नाव. जागेपण टिकवून धरण्याचे काम हे रसायन करते. त्याचा शोध 1998 मध्ये लागला आणि टाइप 1 नार्कोलेप्सी (ज्या प्रकारात बहुधा झोपेसोबत हसता-रागावता अंगही लुळे पडते) असलेल्या माणसांच्या मेंदूत या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात, हे 2000 मध्ये समोर आले. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. एकदा गेलेल्या या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे पहाटे नांगराला जुंपून केवळ नांगर वाकडा चालेल.

दुसरा गैरसमज असा की हे रुग्ण फार झोपतात. चोवीस तासांची बेरीज केली तर त्यांची झोप इतरांइतकीच भरते, पण तिचे तुकडे झालेले असतात. दिवसा ती नको तिथे घुसते आणि रात्री पुन्हा पुन्हा मोडते. निरोगी माणसाला स्वप्नांची झोप लागायला सुमारे दीड तास लागतो, यांना ती पंधरा मिनिटांच्या आत लागू शकते.

आपण स्वतःलाच तपासून पाहा. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये एपवर्थ नावाची प्रश्नावली मांडली. तिच्यात वाचताना, बसमध्ये, जेवणानंतर अशा आठ प्रसंगी डोळा लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. चोवीसपैकी दहाच्या वर गुण गेले तर डॉक्टरांना दाखवावे. यातून निदान होत नाही, दिशा मात्र कळते.

आप्पा_पारोळा

माझे 9 आले. सूनबाईंनी मोजले, त्या 12 म्हणतात.

शिरपूरची_सून

केळीबाग दादा, मी स्वतः टाइप 1 ची रुग्ण आहे, वय 31, प्राथमिक शाळेत शिकवते. भावाला 'फिट' समजून गोळ्या दिल्या हे वाचल्यावर मला माझेच दिवस आठवले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती. वांगी पऱ्हाटीच्या विस्तवावर भाजून झाली होती आणि बडगीत मिरची-लसूण ठेचण्याचे काम माझ्याकडे होते. नणंदेने सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल केली, मला हसू फुटले आणि त्याच क्षणी हातातली मुसळी गळून पडली. जबडा लोंबला, मान छातीवर आली, गुडघे दुमडले आणि मी बसल्या जागी कलंडले. विस्तव माझ्यापासून दोन हातांवर होता. मला सगळे ऐकू येत होते. 'मिरगी शे, मिरगी शे' असा गलका झाला, कोणीतरी नाकाला कांदा लावला आणि त्याने भागेना म्हणून चपलेचा वास दिला. चप्पल कोणाची आहे हेसुद्धा मला कळत होते, फक्त तोंड हलवता येत नव्हते. मिनिटभरात मी आपोआप उठून बसले आणि सर्वांनी श्रेय चपलेला दिले.

याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. हसू, राग, अचानक झालेला आनंद अशा भावनेच्या भरात स्नायूंचा ताण निघून जातो, शुद्ध मात्र शाबूत राहते. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये, हातपाय दाबून धरू नयेत. माणूस विस्तवापासून, पाण्यापासून, कडेपासून दूर आहे ना एवढे पाहावे आणि थांबावे. घरात हे सर्वांना माहीत असणे फार गरजेचे आहे. माझ्या सासूबाई आता पाहुण्यांना आधीच बजावतात, 'तिले जास्त हासाडू नका.'

स्वयंपाकघरात आम्ही मोठे बदल केले नाहीत. मी गॅसची भिंतीकडची शेगडी वापरते, उकळते तेल असेल तर कोणीतरी सोबत असते, आणि शाळेतून आल्यावर आधी वीस मिनिटे झोपून मगच कणीक मळायला घेते. जागेपणी 'आपोआप' होणाऱ्या कामांचाही धोका असतो. हात काम करत राहतात आणि मेंदू झोपलेला असतो. मी एकदा हजेरीपटावर एका मुलाचे नाव सलग अकरा ओळींत लिहिले होते, शेवटच्या तीन ओळी तर नुसत्या रेघोट्या होत्या. हजेरीपटाच्या जागी कडबा-कुट्टी असती, तर काय झाले असते याचा विचार करा.

सातपुडा_पायथा

ताई, चपलेवरून आठवले. आमच्या आत्याच्या मुलाला झोप लागताना किंवा उघडताना छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटायचे, खोलीच्या कोपऱ्यात माणूस उभा दिसायचा आणि ओरडावे तर आवाज फुटत नसे. मुंजा लागला म्हणून दोन वर्षे भगताकडे वाऱ्या झाल्या, कोंबडी-नारळाचा खर्च झाला. भगताला मी नावे ठेवणार नाही, कारण निदान तो तरी मुलाला आळशी म्हणाला नाही. मात्र त्या दोन वर्षांत मुलाने झोपेचीच धास्ती घेतली आणि जागत राहिल्याने त्याचे दिवसाचे हाल आणखी वाढले. हासुद्धा याच आजाराचा भाग असतो का?

मेंदूविकार_धुळे

होय, असू शकतो. स्वप्नांच्या झोपेत शरीर मुद्दाम लुळे ठेवले जाते, जेणेकरून आपण स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्षात करू नयेत. मन जागे झाले आणि हा लुळेपणा उतरायचा राहिला, की छातीवरचा मुंजा तयार होतो. निरोगी माणसालाही असे कधीमधी होते, त्यामुळे एवढ्यावरून नार्कोलेप्सी ठरत नाही.

निदानासाठी आधी एक-दोन आठवडे झोपेची नोंद ठेवतात, मग पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे रात्रभराची झोपेची तपासणी होते आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी चार-पाच वेळा झोपवून पाहतात. सरासरी आठ मिनिटांत किंवा त्याहून लवकर झोप लागली आणि किमान दोन वेळा स्वप्नांची झोप लगेच आली, तर निदानाला बळ मिळते. काही मानसिक आजारांच्या गोळ्यांमुळे या चाचणीचा निकाल बदलतो. त्या आधी बंद कराव्यात का आणि कशा, हे फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे असते.

ट्रक_ते_दुकान

मी अठरा वर्षे ट्रक चालवला, बहुतेक सगळा सुरत-नागपूर महामार्गावर. धुळ्याच्या पुढे पहाटे चारच्या सुमारास एकदा डोळा लागला आणि जाग आली ती गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर घासू लागल्यावर. समोर काही नव्हते म्हणून आज लिहितो आहे. माझे निदान मात्र नार्कोलेप्सीचे नव्हते. घोरताना माझा श्वास थांबत असे, म्हणजे स्लीप ॲप्निया होता. आता रात्री मशीन लावतो आणि ट्रक विकून दुकान टाकले आहे.

केळीबाग भाऊ, एक गोष्ट मनापासून सांगतो. झोप येत असल्याचे आपल्याला कळेल आणि मग गाडी बाजूला घेऊ, हा भ्रम आहे. डोळा लागण्याचा क्षण कोणालाही कळत नाही. परवान्याच्या अर्जासोबत प्रकृतीचे जे घोषणापत्र असते, त्यात अचानक शुद्ध हरपण्याबद्दल आणि चक्कर येण्याबद्दल सरळ प्रश्न विचारलेला असतो. आपल्याकडे सगळे जण न वाचताच 'नाही' लिहून मोकळे होतात, मीही तेच केले होते. भावाने डॉक्टरांचे लेखी मत घेतल्याशिवाय चावी हातात घेऊ नये.

तापीकाठची_आई

माझ्या मुलाला बाराव्या वर्षी हा आजार झाला, आता तो चौदा वर्षांचा आहे. इथे सर्वांनी अपघातांबद्दल लिहिले, ते योग्यच आहे, पण आमच्या घरी धोका वजनकाट्यावर दिसला. आजार सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत त्याचे वजन 14 किलोने वाढले आणि खाणे मात्र पूर्वीइतकेच होते. मी त्याला ताटावरून बोलत असे. आता कळते की हायपोक्रेटिनचा संबंध भूक आणि शरीरातील ऊर्जेच्या वापराशीही आहे. वजन वाढले, मग घोरणे आले, आणि ॲप्नियाची वेगळी तपासणी करावी लागली. म्हणजे ट्रकवाल्या दादांचा आजार आणि आमचा आजार एकाच अंगात नांदू शकतात.

त्याहून मोठी गोष्ट मनाची. वर्गात हसताना तोंड वाकडे होते म्हणून मुले चिडवत, तर त्याने हसणेच बंद केले. घरातही तो विनोद सुरू झाला की उठून जाई. डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याने बोलून नैराश्य ओळखले, आम्हाला तो 'शांत झाला' एवढेच वाटत होते. केळीबाग दादा, तुमच्या भावाचे 'निदान झाले नसते तेच बरे होते' हे वाक्य हलक्यात घेऊ नका आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

भुसावळ_जंक्शन

एक बाळबोध प्रश्न. दिवसातून आठ-दहा वेळा चहा घेऊन भागत नाही का? स्टेशनवर आमचे सगळे जगणे त्याच्यावर चालते.

मेंदूविकार_धुळे

थोडी मदत होते, पण संध्याकाळचा चहा रात्रीची मोडकी झोप आणखी मोडतो. शिवाय आठ-दहा कपांमधली साखर तापीकाठच्या ताईंनी लिहिलेल्या वजनात जाऊन बसते.

औषधांविषयी थोडे लिहितो. दिवसाच्या झोपेसाठी आपल्याकडे बहुधा मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल देतात. ही औषधे सकाळी घ्यायची असतात, उशिरा घेतली तर रात्रीची झोप उडते. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ उठले किंवा तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण क्वचित ही प्रतिक्रिया गंभीर असते. कॅटाप्लेक्सीसाठी व्हेनलाफॅक्सिनसारखी औषधे वापरतात. ती मनाने अचानक बंद करू नयेत; तसे केल्यास झटके एकामागून एक येऊ लागतात आणि माणूस तासन् तास लुळा पडू शकतो. 'बरे वाटतेय' म्हणून किंवा गोळ्या संपल्या आणि तालुक्याला जायला जमले नाही म्हणून असे रुग्ण येतात, तेव्हा हळहळ वाटते. आठवडाभराच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवाव्यात.

जागे ठेवणाऱ्या औषधांनी रक्तदाब आणि नाडी वाढू शकते. त्यातच निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री 10 ते 20 टक्के उतरतो, तसा तो टाइप 1 च्या अनेक रुग्णांत पुरेसा उतरत नाही. म्हणून तेविसाव्या वर्षीही रक्तदाब मोजत राहावा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार आणि गोळ्या दोन्ही सांगाव्यात. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. दारूविषयी वेगळे सांगायला नको.

शिरपूरची_सून

डॉक्टरसाहेब, एक गोष्ट राहिली आणि ती मला फार उशिरा कळली. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि औषध बंद केल्यावरही महिनाभर तो कमीच राहतो. मला हे औषध देताना कोणी सांगितले नव्हते, आणि सासरी बसून मी कोणाला विचारणार होते? माझी धाकटी मुलगी हे त्याचे उत्तर आहे. तिच्यावर आमचा जीव आहे, पण गरोदरपणात पहिले दोन महिने मी ती गोळी घेत होते आणि पुढचे सात महिने काळजीत गेले. ज्या बहिणी हे औषध घेतात, त्यांनी दुसऱ्या साधनाविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. लाजू नये.

मेंदूविकार_धुळे

ताई, बरोबर आहे. हे मीच लिहायला हवे होते. मूल हवे असेल तेव्हाही औषधांचा विचार आधीच करून घ्यावा.

आप्पा_पारोळा

मी सगळे वाचतो आहे. नांगराचे वाक्य मागे घेतो. एक व्यवहाराची अडचण विचारतो: मुलगा तेवीस वर्षांचा म्हणजे दोन-तीन वर्षांत स्थळे येतील. आपल्याकडे सोयरिकीत गोष्ट फुटली की पाच गावे फिरते. हे आधी सांगावे की लग्नानंतर हळूहळू कळू द्यावे? माझे मत विचाराल तर, जीवघेणे नसेल तर बोभाटा कशाला?

शिरपूरची_सून

आप्पा, माझ्या माहेरच्यांनी तेच केले होते. त्याचा परिणाम म्हणजे ती चप्पल. माझ्या यजमानांना ठाऊक असते, तर त्यांनी मला विस्तवाजवळ बसूच दिले नसते. बोभाटा करू नये हे मान्य, परंतु ज्या माणसाने रात्री शेजारी झोपायचे आणि पडल्यावर उचलायचे, त्याला अंधारात ठेवणे हा धोका आहे. आणि हो, त्या आजाराचा वारसा सरळ मुलांत उतरतो असे नाही. जनुकांचा थोडा वाटा असतो, पण बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतो, असे मला डॉक्टरांनी सांगितले.

सातपुडा_पायथा

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नार्कोलेप्सी असलेले डोबरमन कुत्रे पाळले होते. आवडते खाणे समोर आले की आनंदाने त्यांचे पाय लटपटत आणि ते ताटलीतच आडवे होत. त्यांच्यात हा आजार वारशाने येत असे आणि 1999 मध्ये त्यांच्या अभ्यासातूनच बिघडलेले जनुक सापडले. आत्याच्या मुलाला हे वाचून दाखवले, तर तो म्हणाला, 'त्यांना कोणी भगताकडे नेले नाही.'

केळीबाग_यावल

सर्वांचे आभार. काल जेवणानंतर भाऊ, आई आणि मी असे तिघांनी बसून हा धागा पहिल्यापासून वाचला. चपलेचा प्रसंग वाचताना तो हसला आणि त्याची मान खाली गेली. आईने पहिल्यांदाच आरडाओरडा न करता त्याच्या पाठीवर हात ठेवून वाट पाहिली.

मूळ प्रश्नाकडे परत येतो. डॉक्टर लेखी देत नाहीत तोवर मोटारसायकल बंद, यावर त्याने फारशी हुज्जत घातली नाही. रात्रीच्या पाण्यासाठी मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवायचे ठरले, म्हणजे पंप घरून सुरू होईल. व्हॉल्व्ह बदलायला रात्री मी जाईन, आणि दिवसपाळीच्या आठवड्यात तो जाईल, मात्र आधी झोप काढून आणि सालदार सोबत असताना. कुट्टीच्या यंत्राला आणि विहिरीतल्या पायऱ्यांना त्याने हात लावायचा नाही. केळीचे घड मोजणे, व्यापाऱ्यांशी बोलणे आणि सगळा हिशेब त्याच्याकडे. या कामात तो माझ्यापेक्षा चांगलाच आहे.

एका मुद्द्यावर मात्र भांडण मिटलेले नाही, तो आता स्वतःच लिहितो आहे.

केळीबाग_यावल

मी धाकटा. दादाचेच खाते वापरतो आहे. मला दुपारी एक आणि संध्याकाळी पाच अशा दोन वेळा वीस मिनिटे झोपायला सांगितले आहे आणि त्याने खरोखरच फरक पडतो, पुढचे दोन-तीन तास डोके स्वच्छ राहते. अडचण अशी की दादाने बाग सोडून घरी येऊन झोप असे फर्मान काढले आहे. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या घरात 45 अंशांना झोप लागत नाही, नुसती गुंगी येते. बागेत केळीच्या सावलीत गारवा असतो. मी तिथेच खाट टाकणार आहे. दादाला विहिरीची भीती वाटते. तिथून विहीर चाळीस पावलांवर आहे आणि मी झोपेत चालत नाही.

तापीकाठची_आई

बाळा, झोपेत चालत नसशील, पण उठल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांचे काय? माझा मुलगा त्या वेळी दाराऐवजी कपाट उघडतो. खाट बागेत टाक, मात्र विहिरीच्या विरुद्ध टोकाला टाक, आणि गजर वाजल्यावर दादाचा फोन उचलल्याशिवाय खाटेवरून पाय खाली ठेवू नकोस.

आप्पा_पारोळा

खाट कुठेही टाका, आधी विहिरीचे बघा. माझी एक विहीर बुजवली, तिच्यावरची लोखंडी जाळी गोठ्यामागे पडून आहे. यावलला माणूस येणार आहे परवा. विहिरीचे माप कळवा.

केळीबाग_यावल

आप्पा, मोठा लिहितो आहे. विहीर वीस फुटांची आहे, जाळी पुरेल का?

आप्पा_पारोळा

माझी बारा फुटांची होती, नाही पुरणार. मग कठडाच बांधा, कमरेच्या वर येईल असा. जाळी पायऱ्यांच्या तोंडाला दार म्हणून लावा आणि तिला कुलूप घाला. परवा पाठवतो.